भाग्यश्रीची ओवाळणी

हॅलो?… कोण?… आवाज तुटून राहिला, जरा बाहेर या… हां, आता आलं ऐकू. कोण बोलता जी?

…सुलोचनाकाकू? हिमांशूची आई?

नाही, तुमचा नंबर मिटवला होता मी, म्हणून नाव नाही आलं… हो, नूतनच बोलून राहिली. भाग्यश्रीची मैत्रीण. हिमांशू-भाग्यश्रीच्या साक्षगंधात तुम्ही माझ्या हातात पेढ्याचा डब्बा दिला होता, तीच… हो, हो. अन् मंग लग्न मोडाले त्याच अंगणात आल्या, साडी परत मागितली, तेव्हा घडी घालून देणारीही मीच.

…राग कायचा जी. बोला ना. धानाचा रोवणा आटोपला आमचा, निवांत बसली आहे मी.

पेपरातला फोटो पाहिला?… हो, तीच. भाग्यश्रीच… नाही, नंबर कुठचा, शेवटची आली. खोटं कायले सांगू? बाकीचे घरी जाऊन आंघोळ करून जेवले असतील, तेव्हा ही पोचली. पण एकवीस किलोमीटर पुरं केलं, काकू. पायात रॉड असून… हो, तोच पाय. 'लंगडी सून नको' म्हटलं होतं तुम्ही, तोच.

…मी कुठं काय म्हटलं? तुमचंच बोलणं आठवून राहिली.

काऊन पळाली म्हणता?… ऐका ना… ऐका तं खरं. दौड होती सिकलसेलच्या लेकरांसाठी. तिची लहान बहीण दिव्या, तिले घेऊन रक्त चढवाले तुमच्या गोंदियाले चकरा माराव्या लागतात, ते तुम्हाले माहीत आहे. नाव तिनं पाय मोडायच्या आधीच दिलं होतं. आमच्या साऱ्या दवनीवाडा गावानं तिच्या नावावर वर्गणी दिली. मी म्हटलं, आता दुसरं कोणी पळंल. तं म्हणे, लोकांनी माझ्या नावावर दिली, मंग पाय माझेच जातील.

…कशी म्हणजे? आधी काठी धरून नहराच्या पारीवर, पाण्याच्या काठाकाठानं चालायची, मागं मी सायकल घेऊन. पडली का मी उचलाले धावायची, तं मलेच शिव्या. तिच्या आईनं बूट तांदळाच्या कोठीत लपवले, तं ही अनवाणी निघाली. मंग आईच बूट घेऊन मागं धावली. डॉक्टर म्हणे, चाल पण पळू नको. ही दर वेळी विचारायची, पळू का? शेवटी तोच थकला अन् म्हणाला, बरं बाई, हळू पळ.

घरी आली का सुजलेला पाय मिठाच्या गरम पाण्यात टाकून बसायची. मी म्हणायची, कायले एवढा जीव काढतेस? तं म्हणे, दिव्यासाठी. अन् थोडं त्या घरच्यांसाठी… तुमच्यासाठी, काकू. अजून कोणासाठी?

…नाही, तुम्ही ऐकून घ्या आता. लंगडी म्हटलं ते तिनं गिळलं. पण 'कोणा पोट्ट्याच्या गाडीवर फिरत होती म्हणून पडली', हे गावात कुठून आलं? तुमच्याच तोंडून ना? तिचे बाबा, यादोरावकाका, पानठेल्यावर जाणं सोडून बसले. पोरगी दौड पुरी करून आली त्या दिवशीही घरातच होते. टाळ्या वाजवाले गाव गेलं, बाप नाही गेला.

…हां. बोला.

…काय?… हिमांशू जेवत नाही? रविवारपासून?… तोंडावर उशी घेऊन पडून राहते?… अन् तुम्हाले वाटते, तो भाग्यश्रीसाठी झुरून राहिला?

…नाही जी, हसत नाही. ठसका लागला.

पुन्हा जुळवायचं?… मी तिच्यापाशी शब्द टाकू?… काकू, नाही जमत आता. तो तिचा भाऊ लागते.

…गंमत नाही. त्याच्या हाताले लाल फीत आहे का पाहा. बाही खाली ओढून असंल… हो ना? ती राखी आहे.

सांगते, सांगते. त्या रविवारी दौडीत शेवटच्या पाण्याच्या टेबलावर तोच उभा होता, जिमचे पोट्टे घेऊन, सेवा कराले. टेबल आवरून राहिले होते, तेवढ्यात ही लंगडत आली. साऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. पेपरवाला फोटो काढून राहिला, म्हणून तुमचा पोट्टाही बाटली घेऊन पुढं आला. मले वाटलं, ही आता बाटली त्याच्या तोंडावर फेकते. मी तं त्याचीच वाट पाहून राहिली होती… नाही फेकली. प्यायली. सारं पाणी संपवलं. मंग छातीवरची लाल फीत काढली, साऱ्या पळणाऱ्यांले लावली होती ती, अन् त्याच्या मनगटाले बांधली. राखी होऊन दोनच दिवस झाले होते. म्हणते, "दादा, ओवाळणी दे."

…हो, साऱ्यांसमोर. त्यानं खिशात हात घातला. तं ही म्हणते, "पैसे नको. माझा पाय कसा मोडला ते तुह्या आईले सांग. एवढीच ओवाळणी."

म्हणून जेवण जात नाही त्याले, काकू. झुरणं-बिरणं काही नाही.

…कसा मोडला म्हणजे? तुम्हाले नाही माहीत?

…खरंच नाही?… देवाची शपथ घ्या.

…

मले वाटलं, तुम्ही जाणूनबुजून बोलल्या. एवढे दिवस मी तुम्हालेच शिव्याशाप देऊन राहिली होती.

…नाही. मी नाही सांगत. मी सांगितलं तं म्हणाल, मैत्रिणीची बाजू घेते. घरीच पडून आहे ना तो? मंग विचारा, त्या दिवशी गाडी कोण चालवत होतं. अन् हेही विचारा, 'पोलिसाच्या भरतीत नाव लागलं आहे, केस झाली तं नोकरी जाईल' म्हणून दवाखान्यात तिच्या पाया कोण पडलं होतं. त्यासाठी ती चूप बसली. होणारा नवरा आहे म्हणून चूप बसली. अन् तो तुमच्या मागं उभा राहून लग्न मोडताना पाहत होता.

…हो, विचारा. फोन चालूच ठेवा. मी ऐकून राहिली.

…

उशी काढाले सांगा. शब्द समजत नाही.

…

हां. आलं ऐकू.

…काकू?… काकू, मारू नका त्याले… नाही, दया नाही आली मले. चार थपडा खाल्ल्या का फिटलं, असं वाटंल त्याले. फिटू नका देऊ.

…माझ्यापाशी रडून काय होते? तिच्या अंगणात या. लग्न मोडलं तेव्हा जेवढे लोक उभे होते, तेवढे मी गोळा करते. यादोरावकाकाले खुर्ची टाकते मधात. अन् बोलायचं त्यानं. तुम्ही नाही, त्यानं. मोठ्यानं.

माफी?… ते तिचं ती पाहील. माझ्याकडून तं नाही.

…आता तिले फोन नाही देता येत. नहरावर गेली… पळाले, अजून कायले? पुढच्या वर्षी शेवटची नाही येत म्हणते.

…हो. उद्याच या. तुम्ही बसनं या, काकू, तुमचं वय आहे. त्याले गाडी नका देऊ. पायी येऊ द्या.

…गोंदियावरून दूर पडते?… पडू द्या. त्याचे तं दोन्ही पाय धड आहेत.

ठेवते.