दोन महिन्यांची भाकरी

न्हाई, बस म्हनून कोन म्हनलं तुला? उभ्यानं सांग. काम पायजे, ते कळलं. द्राक्षाचा हंगाम लागला की तासगावच्या स्टँडवर उतरनारा हर मानूस काम मागतोय — पन ती बागंत जात्यात, पेट्या भरत्यात. तू सरळ माज्या हाटेलात. का गं? समोर नानासोचं हाटेल हाय, रंगीत पाटी, टेबलावर काच — तिकडं न्हाई गेलीस. का त्यानंच धाडली तुला? गेल्या साली एक अशीच आली गरीब तोंड करून, आठ दिस माजं हुलग्याचं माडगं बघितलं — हुलगं किती भाजायचं, गूळ कवा घालायचा — आन नवव्या दिवशी माडगं नानासोच्या पाटीवर! म्हनून इचारते. व्यापारी, टरकवाले हितं काय माजं तोंड बघायला येत न्हाईत. शाळूची भाकरी, शेंगाची चटनी आन माडगं. ते माज्या सासूनं शिकवलंय मला. तुला काय करायचंय पन?

नाव काय म्हनलीस? राही. जतकडची न्हवं? बोलन्यावरनंच वळखलं. हे बघ राही, काम दोन महिन्याचं, द्राक्षं संपली की तू तुज्या वाटंनं. तशी मला बाई लागतीच असं न्हाई, इतकी वर्सं एकलीनं वडलं मी — ह्यो उजवा हात जरा — बघू नगंस तिकडं, काय झाल्यालं न्हाई. मिरजंचा डाक्टर म्हनला, आक्का, भाकरी थापनं बंद. त्याला काय जातंय म्हनायला? काल तिघं फाटकी भाकरी बघून उठून गेली. आज बी बसल्यात बघ भाईर चौघं, अजून ताट न्हाई दिलं. हे कुठं बोलू नगंस. बस चुलीपुढं. काठवट घे, करून दाव. डब्यांकडं वळायचं न्हाई — मी हितंच उभी हाय.

हं. पानी बेतानं घेतलंस. हात हलका हाय. फुगली की गं, टम्म फुगली — दे हिकडं, बघू. आगं, बाजूला का ठेवलीस? दुसरी देतीस? आन ही का न्हाई? …कुत्र्याची. व्हय. मेंढरं राखनाऱ्या कुत्र्याची पयली भाकरी. मेंढरं असूं दे, नसूं दे.

ठावं हाय मला ती रीत. आत्ता ठावं हाय. दुष्काळात एक हुती माज्याकडं, धोंडुबाई. तिची मेंढरं मेली चाऱ्यावाचून, कुत्रं तेवढं उरलं, ते हिच्या मागनं हितवर आल्यालं — मला काय म्हाईत? लोक रेशनची लाल मिलो ज्वारी खाईत, एकेका भाकरीवर धा डोळं, आन ही रोज पयली भाकरी पदराखाली घालून मागच्या दारानं जायची. मी इचारायला पायजे हुतं. न्हाई इचारलं. भरल्या हाटेलात पदर धरला तिचा, चोर म्हनलं. भाकरी खाली पडली. ती गेली बघ तशीच. आन मागच्या दारातनं कुत्रं आत आलं, भाकरी तोंडात धरली आन तिच्या मागनं चालाय लागलं. सगळं हाटेल बघत हुतं. तवा कळलं मला. हाक मारायची हुती — न्हाई मारली. माडगं बी तिनंच शिकवल्यालं. सासूच्या माहेरी हुलगं बैलाला घालत्यात, तिला कशाचं आलंय माडगं!

तू अशी का बघतीस? कोन लागती धोंडुबाई तुजी? खरं सांग. …आई. वाटलंच मला! म्हंजे तिनंच धाडली. हात गेला म्हनून कळलं असंल, जा, फजिती बघून ये म्हनली असंल — काय म्हनली? काय काय सांगितलंय माज्याबद्दल? तोंड उघड की. …परत सांग. आक्काकडंच जा, आक्का पोटाला कमी करत न्हाई, म्हनली. बरं. आन पुढं? भाकरीचं? चोर म्हनलं त्ये? …काईच न्हाई? तुला बी न्हाई? काम संपलं म्हनून आले, असं सांगितलं घरात?

म्हंजे मीच सांगितलं की तुला आत्ता.

हात का धुतीस? आगं, पीठ मळून ठेवलंय सगळं — बस. म्हातारं मानूस बोलतंय, त्यात काय — बस की राही. ते गठुडं खाली ठेव. दोन महिने नगं, सालभर ऱ्हा, तुज्या आईला बी आन, मी तिचं पाय — राही. आगं राही, थांब. राही…

काय वो, तुमी काय बघताय? आज भाकरी न्हाई, पावनं. उठा.