पांढऱ्या धुराच्या ट्रकमधून घर गेल्याबाबत

नाव: मिस्त्री. (पूर्ण नाव विचारले असता, त्या नावाने आपल्याला घरातलंसुद्धा कोणी हाक मारत नाही, असे सांगितले.) वय: पन्नाशीला टेकलेले. धंदा: डिझेल गाड्यांची दुरुस्ती. राहणार: स्वतःच्या गॅरेजच्या वरच्या मजल्यावर, बाजूच्या जिन्याने.

मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, आज सकाळी माझ्या राहत्या घरातून कपाट, पलंग, स्वयंपाकघरातली सगळी भांडी आणि माझी पत्नी एका ट्रकमधून नेण्यात आली आहे. सदर ट्रक गेला तेव्हा मी तिथेच उभा होतो. तो नीट जावा म्हणून त्याची दुरुस्तीही मीच केली होती. माझी चोरीची तक्रार आहे.

घरात आम्ही दोघंच. सकाळी मी गॅरेजमध्ये एका गाडीखाली आडवा झालो होतो. पत्नी येऊन म्हणाली, "मी निघाले." मी "हं" म्हणालो. ती म्हणाली, "कायमची निघाले." मी म्हणालो, "येताना साबण आण." इथे जबाब लिहून घेणारे ठाण्यातले साहेब थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. त्यात बघण्यासारखं काय आहे? गाडीखाली असलं की माणसाला वरचं अर्धंच ऐकू येतं.

थोड्या वेळाने बाहेर ट्रक येऊन उभा राहिला. इंजिन चालूच होतं. दारातून पांढरा धूर आत यायला लागला. साहेबांनी नुसतं 'धूर' लिहिलं होतं, ते मी दुरुस्त करायला लावलं. काळा निराळा, निळा निराळा. पांढरा म्हणजे एक तर इंजिनात पाणी शिरतंय, नाहीतर डिझेल न जळताच बाहेर पडतंय. गार इंजिन सुरुवातीला थोडा पांढरा धूर सोडतंच, त्याचं काही नाही. पण ही गाडी गरम झाली तरी थांबेना. दारात असा धूर दिसत असताना हातावर हात ठेवून बसला तो मिस्त्री कसला? मी बाहेर गेलो. मला कोणी बोलावलं नव्हतं, हे खरं आहे.

दोन हमाल सामान चढवत होते. कुणाचं सामान, हे मी विचारलं नाही. एक कपाट सायलेन्सरच्या आड येत होतं, म्हणून मीच त्याला हात लावून वर चढवलं. स्वतःचं कपाट ओळखू आलं नाही का, असं साहेबांनी विचारलं. कपाट पाठमोरं होतं. घरी ते भिंतीला लागून असतं, त्याची पाठ मी कधी पाहणार? दोरीही त्या हमालांना धड बांधता येत नव्हती. ती सोडून मी पुन्हा आवळून बांधली. एवढं सामान रस्त्यात पडलं असतं तर कुणाच्या तरी संसाराचं नुकसान झालं असतं.

पत्नी चालकाच्या शेजारी बसली होती. ती मला दिसली होती. ती तिथे का बसलीय, हा प्रश्न पडायच्या आत मी सायलेन्सरपुढे पुठ्ठा धरला होता. पुठ्ठ्यावर तेलकट डाग पडला आणि डिझेलचा वास आला. इंजिनाच्या पाण्याच्या बाटलीत बुडबुडे नव्हते, पाणी उतरलेलं नव्हतं. म्हणजे पाण्याचा प्रश्न निकालात निघाला. चालक म्हणाला, "जाऊ द्या हो मिस्त्री, चालतेय की गाडी." मी म्हणालो, "याला चालणं म्हणतात? रडतेय ती! कान आहेत की नाही तुम्हाला?" त्यावर चालकाने एकदा पत्नीकडे पाहिलं.

मग पाना घेऊन एकेका सिलिंडरच्या डिझेल पाइपचा नट सैल करत गेलो. चांगल्या सिलिंडरचा सैल केला की इंजिन अडखळतं. तिसऱ्याचा केला, काही फरक नाही. म्हणजे तिसरा नुसता नावाला, घरात असून नसल्यासारखा. हे सांगत असताना माझ्यासोबत ठाण्यात आलेल्या, समोरच्या शिवणकामवाल्या मावशी मोठ्याने खोकल्या. त्यांना दमा आहे की काय, माहीत नाही.

दोष सापडल्यावर मी ओरडलो, "इंजिन बंद करा! ही गाडी मी जाऊ देणार नाही!" त्यासरशी पत्नी पिशवी घेऊन खाली उतरली आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. न जळलेलं डिझेल डोळ्यांना झोंबतं, त्यामुळे माझं निदान पक्कं झालं. मी म्हणालो, "बघ, तुझ्याही डोळ्यांत पाणी आलं. तिसरं नोझल गळतंय. जरा फडकं दे." तिने फडकं दिलं. मग ती पुन्हा वर जाऊन बसली. डिझेल फवारणारं ते नोझल काढून मी गॅरेजमधलं चांगलं बसवलं, पाइपातली हवा काढली आणि गाडी चालू केली. धुराचा मागमूस राहिला नाही. मी खूश होतो, खोटं का बोला. मी बोनेटवर थाप मारली आणि म्हणालो, "आता कुठेही जा, कितीही लांब जा!" ट्रक गेला.

हात धुवायला वर गेलो तेव्हा घरात साबण नव्हता, बादली नव्हती, बसायला काही नव्हतं.

ट्रकचं वर्णन विचारलं असता सांगतो: नंबर पाहिला नाही. रंग निळा असेल, नाहीतर हिरवा. चालकाला मिशी होती की नव्हती, सांगता येणार नाही. तिसऱ्या सिलिंडरचं नोझल गळत होतं त्यावरून हजारात ओळखला असता, पण आता ते मी बदललंय.

यावर मावशींना राहवलं नाही. त्या म्हणाल्या, "अहो भाऊ, चोरी कसली घेऊन बसलात? ट्रक मीच ठरवून दिला. चालक सारखा इंजिन बंद करायला बघत होता. तुमच्या बायकोनेच त्याला बंद करू दिलं नाही. म्हणाली, हाक मारून तर बाहेर येत नाहीत, धूर बघून तरी येतील. आलात! तिच्या पुढ्यात उभे राहिलात! आणि फडकं मागितलंत!" मी विचारलं, तिने मला स्पष्ट का सांगितलं नाही? मावशी म्हणाल्या, वर्षभर सांगत होती, मग महिनाभर बोलायची बंद झाली. ते मला माहीत होतं. आवाज येत नाही म्हणजे सगळं सुरळीत आहे, असं मी धरून चाललो होतो.

साहेबांच्या सांगण्यावरून मावशींनी त्यांच्या फोनवरून पत्नीला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मी विचारलं, "गाडी कशी चाललीय?" साहेबांनी कपाळावर हात मारला. पत्नी म्हणाली, "छान चाललीय. तुम्ही हात लावलेली गाडी बंद पडते होय?" तिने फोन ठेवला नाही. मागून इंजिनाचा आवाज ऐकू येत होता.

मी साहेबांना गप्प राहायची खूण केली आणि फोन कानाला दाबून धरला. चाललेल्या ट्रकचा आवाज मला कळतो, साहेब. तो नव्हता. गाडी जागेवर उभी होती, नुसतं इंजिन चालू होतं, चारही सिलिंडर एका सुरात. मी म्हणालो, "अगं, गाडी उभी आहे ना तुमची?" ती म्हणाली, "केव्हाची." मी विचारलं, "काही बिघाड झाला का?" ती म्हणाली, "गाडीत काही नाही." मग मी विचारलं, "तू कुठे आहेस?" असं मी तिला आजवर कधी विचारलं नव्हतं. तिने ठिकाण सांगितलं.

माझी चोरीची तक्रार नाही. ती काढून टाकावी. मला ती घरी हवी आहे, हेही लिहून घ्या, म्हणजे तिथे गेल्यावर मी दुसरंच काहीतरी बोलायचो नाही. मावशी म्हणतात, जाताना नट खोलायचे पाने सोबत नेऊ नका. ते मी त्यांच्यापाशी ठेवले आहेत.

हा जबाब वाचून दाखवायला वेळ नाही असे मी म्हणालो, तरी साहेबांनी तो मला दारापर्यंत चालत चालत वाचून दाखवला. शेवटचा परिच्छेद मी दोनदा वाचायला लावला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. सही ठाण्याच्या जिन्यावर केली असल्याने वाकडी आली आहे.