पंचेचाळीस हंडे, चोवीस खोल्या

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे म्हणाल तर हौसाकाकूंचे. आईवडिलांचं नाव नंतर घेतो, त्यांना राग नाही यायचा, आईच म्हणते आधी काकूंचं सांग. आमचं गाव पोलादपूरकडे, बारावी मी तिथेच केली, मग वडिलांनी दिव्याला चाळीत खोली घेतली. ते वागळे इस्टेटला एका कंपनीत वॉचमन आणि आई सकाळी सहालाच डोंबिवलीला धुण्याभांड्याच्या कामाला जायची. चोवीस खोल्यांची चाळ, नळ एकच, पाणी सातला यायचं ते पावणेआठला जायचं. आणि माझं कॉलेज ठाण्याला, पहिलं लेक्चर साडेसातचं. म्हणजे पाणी भरायचं तर कॉलेज नाही. शेजारच्या खोलीत हौसाकाकू, साताऱ्याकडच्या, त्या म्हणाल्या आरं तू जा, तुजं हंडं मी भरीन. तीन वर्षं भरले हो त्यांनी, स्वतःचे गुडघे धरलेले असताना. आमच्या घराण्यात पदवीचा कागद पहिला माझ्या हातात आला, तो असा आला.

काकूंना लिहितावाचता येत नाही, पण मोजणी अशी की काय सांगू तुम्हाला. नळावर भांडणं नकोत म्हणून त्या मोठ्याने आकडे म्हणायच्या, भरभर, लंगडीत म्हणतात तसे, आणि नव्वद झाले की हंडा भरलेला, उचला, पुढचा लावा. एका रविवारी मी गंमत म्हणून घड्याळ लावलं, तर त्यांचे नव्वद म्हणजे माझं बरोबर एक मिनिट. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. हंडा पंधरा लिटरचा, म्हणजे मिनिटाला पंधरा लिटर. पाण्याचा प्रवाह मोजायला मी तिथे शिकलो, पुस्तकात ते नंतर भेटलं.

पुढे नोकरीही त्यातच लागली. वागळे इस्टेटलाच, पंप तपासायच्या वर्कशॉपमध्ये. तिथे एका पंपाच्या पाटीवर सेकंदाला लिटर, दुसऱ्याच्या पाटीवर ताशी घनमीटर, जुना पंप आला तर मिनिटाला गॅलन, आणि गॅलनही दोन तऱ्हेचे, इंग्रजी साडेचार लिटरचा, अमेरिकन पावणेचारचा, ते आधी विचारून घ्यायचं. सेकंदाचे लिटर तीन पूर्णांक सहाने गुणले की ताशी घनमीटर येतात, हे मी झोपेतही सांगेन. थोडा गर्वही झालेला, खोटं कशाला बोलू.

तर झालं काय, आमच्या रस्त्यावर पालिका पाण्याची मोठी लाइन टाकणार असं कळलं. त्यात चाळीचं नाव आलं तर आलं, नाहीतर मग किती वर्षं थांबावं लागेल कोण जाणे. चाळीत शिकलेला मीच, फॉर्म माझ्याकडे आला. एक रकाना होता, सध्याचा पुरवठा, प्रतिदिन लिटर. मी मिनिटाचे पंधरा साठने गुणले, ताशी नऊशे. ते चोवीसने गुणले, एकवीस हजार सहाशे. दोनदा तपासलं, सही केली, दिलं. महिन्याने उत्तर आलं, खोलीमागे रोज नऊशे लिटर मिळतात, वाढीव जोडणीची गरज दिसत नाही.

कोपऱ्यातल्या खोलीतले सावंत म्हणाले, काय रे ग्रॅज्युएट, आमचे नऊशे लिटर कुठे ठेवलेस, माझ्याकडे पिंप एकच आहे. सगळे हसले. मी कागद घेऊन काकूंच्या दारात बसलो. त्या म्हणाल्या काय लिवलंस ते वाच. मी वाचलं, गुणाकारासकट. त्या म्हणाल्या, आरं, नळ रातंदिस येतोय व्हय? पाऊण तास येतो. पंचेचाळीस हंडं भरत्यात, चोवीस खोल्या हायती. एवढंच लिव की.

गुणाकार माझा बरोबर होता हो. पण दिवस चोवीस तासांचा असला तरी नळ पाऊण तासाचा आहे, हे मी कसा विसरलो? पंप तपासताना आम्ही तो दिवसभर चालेल असंच धरतो, ती सवय लागलेली, हे एक. आणि दुसरं म्हणजे एवढी वर्षं रविवार सोडून मी नळावर उभाच राहिलो नव्हतो. काकू उभ्या होत्या.

नवा अर्ज केला, त्यात चूक माझी म्हणून स्वच्छ लिहिलं. मिनिटाला पंधरा, पंचेचाळीस मिनिटं, सहाशे पंचाहत्तर लिटर, खोलीमागे अठ्ठावीस, म्हणजे दोन हंडेसुद्धा पुरते नाहीत. इंजिनियर साहेब स्वतः सकाळी सातला बादली आणि घड्याळ घेऊन आले, पाणी जाईपर्यंत थांबले. काकू शेजारी आकडे म्हणतच होत्या. साहेब जाताना म्हणाले, मावशी, तुमचं घड्याळ चांगलं आहे. आमचं नाव यादीत आलं. पण लाइन पडेपर्यंत काकूंचे गुडघे पारच गेले, मुलगा येऊन गावी घेऊन गेला, नवीन पाणी त्यांनी बघितलं नाही. म्हणून गेल्या आठवड्यात मी पत्र टाकलं. फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही, आणि हे लिहूनच सांगावं असं मला वाटलं.

हौसाकाकूंना साष्टांग नमस्कार. नवी लाइन सुरू झाली. वेळ तीच, पाऊण तास, पण आता मिनिटाला तीन हंडे भरतात. खोलीमागे पाच येतात आणि थोडं उरतं, ते शेवटच्या खोलीतल्या पारूच्या आईला देतो, तिच्याकडे बाळ आहे. सावंतांनी दुसरं पिंप आणलं. परवा मी सुट्टी काढून तुमच्या जागेवर उभा राहिलो आणि घड्याळ न लावता तुमच्यासारखं मोजलं. सूनबाई हे वाचतील तेव्हा तुम्हीही मोजा, नळावर मोजायचात तसंच, भरभर. नव्वदपर्यंत जाऊ नका. तीस झाले की थांबा. हंडा भरलेला असेल.