रविवारच्या पत्राची शेवटची ओळ

धाकटी : नाही म्हटलं ना ताई. पत्रं मिळणार नाहीत. आणि पाय उचल, गिऱ्हाइकाच्या पडद्यावर दिलायस.

थोरली : अगं, माझीच पत्रं आहेत ती. मी लिहिलेली.

धाकटी : लिहिलीस तू, पण आली कुणाकडे? आईने डब्यात जपली. आई गेली तेव्हा तू तिची शाल नेलीस, मी डबा आणला. वाटणी झालेली आहे.

थोरली : फोटो काढून परत करते. शाळेला दीडशे वर्षं होतायत, इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलंय. एका प्रकरणासाठी मला ती हवीच आहेत.

धाकटी : तुझ्याकडेच येणार. कोट तुलाच बसला होता ना!

थोरली : साठ वर्षं झाली गं त्या कोटाला.

धाकटी : तुझी झाली असतील. माझ्या अजून डोळ्यासमोर लटकतोय. त्या निवासी शाळेत एका घरातली एकच मुलगी घेणार म्हणाले, आणि डॉक्टरीणबाईंनी तिथे शिकलेल्या त्यांच्या लेकीचा गणवेशाचा जुना कोट पाठवला. तुला बरोब्बर बसला. माझ्या बाह्या गुडघ्यापर्यंत! झालं, ठरलं. गणितात मी तुझ्यापुढे होते, ते कुणी विचारलंसुद्धा नाही. वर तुझ्या एकेका कपड्यावर सत्तेचाळीस नंबर कुणी शिवला? मीच. आठ वर्षांची होते.

थोरली : सात वर्षांत एकही नंबर उसवला नाही.

धाकटी : रागाने शिवला होता. म्हणून टिकला.

थोरली : तू अजून जळतेस माझ्यावर?

धाकटी : हो, जळते. लपवू कशाला? 'काल आम्ही तलावावर होडीतून फिरलो. पाण्यात पांढरी बदके होती. परत येताना सर्वांनी मिळून गाणे म्हटले.' तोंडपाठ आहे मला. आईला वाचून दाखवायचे आणि न्हाणीत जाऊन रडायचे. इथे दोन बादल्या पाणी दिवसभर पुरवायचं, आणि तू होडीत बसून बदकं बघतेयस!

थोरली : होडी नव्हती.

धाकटी : म्हणजे?

थोरली : तलावच नव्हता. तिथे आम्ही कवायत करायचो.

धाकटी : काहीतरीच काय! तू लिहिलंयस. तुझं अक्षर आहे.

थोरली : अक्षर माझं. मजकूर फळ्यावरचा. दर रविवारी न्याहारी झाली की आम्हाला सभागृहात बसवायचे. बाई फळ्यावर पत्र लिहायच्या आणि साठ मुली ते उतरवून काढायच्या. टाक खरवडल्याचा आवाज तेवढा.

धाकटी : साठ घरांना एकच पत्र?

थोरली : पुढचं ऐक. मागच्या महिन्यात कचेरीच्या कपाटात एक वही सापडली. शाळा काढणाऱ्या गोऱ्या बाईंच्या हातची. वर्षाच्या प्रत्येक रविवारचं पत्र त्यात तयार आहे. तेव्हा मुली साहेबांच्या. आईबाप लांबलांबच्या छावण्यांत, पत्र पोचायला आठवडे लागायचे. उगाच काळजी नको, म्हणून सगळं छान छान. गोरे गेले, आपल्या बाई आल्या. त्यांनी भाषांतर केलं, पण वही तीच. आम्ही शिकलो तेव्हा ती वही नव्वद वर्षांची होती.

धाकटी : आणि तलाव?

थोरली : शाळेच्या दहाव्या वर्षी बुजवला. डास फार झाले होते. तापाने चार मुली गेल्या, मागच्या आवारात त्यांची थडगी आहेत. त्या रविवारचं पत्रही वहीत आहे. 'आम्ही सर्वजणी मजेत आहोत.'

धाकटी : अरे देवा.

थोरली : समिती म्हणते, ही नुसती निबंधाची वही असेल. कुठे पाठवली होती अशी पत्रं, दाखवा. माझ्या बरोबरीच्या कुणाकडे एक चिठोरा उरलेला नाही. फक्त तुझ्याकडे आहेत. त्या चौघींबद्दल कुणीतरी खरं लिहायला नको?

धाकटी : म्हणजे साठ वर्षं मी एका फळ्यावर जळत होते. सुट्टीत घरी यायचीस तेव्हा का नाही बोललीस? मी विचारायचे, होडीत पुढे बसायचीस की मागे? तू म्हणायचीस, पुढे.

थोरली : तू डोळे विस्फारून ऐकायचीस. मला बरं वाटायचं. घरात माझ्याकडे दुसरं होतं काय? आई मला पाहुण्यांच्या कपात दूध द्यायची. तू तिला चिकटून बसायचीस, कान तुटलेला कप घेऊन. मला तो कप हवा होता.

धाकटी : तुटक्या कपावर जळायचीस?

थोरली : जळायचे. एकदा फोडायलाही निघाले होते.

धाकटी : ऐकावं ते नवलच.

थोरली : पत्रात एक ओळ मात्र आमची असायची. शेवटची. बाई खडू खाली ठेवून म्हणायच्या, आता एक ओळ आपल्या मनाने लिहा.

धाकटी : ठाऊक आहे.

थोरली : मी दर वेळी एकच लिहायचे.

धाकटी : 'धाकटी आता माझ्या जागेवर झोपते का?'

थोरली : आईच्या शेजारची जागा. घरून पत्र आलं की मी आधी शेवट बघायचे. उत्तर कधीच नसायचं.

(धाकटी शिवणाचं मशीन थांबवते.)

थोरली : झोपायचीस का?

धाकटी : नाही. मी भिंतीकडे, होते तिथेच. मधे तुझी उशी असायची. आई रोज अंथरूण घालताना मांडायची. मी एकदा उशीवर पाय टाकला, तर आईने उचलून बाजूला केला. उशीवर जळायचे मी, ताई.

थोरली : मग तिने मला कळवलं का नाही?

धाकटी : तिला लिहिता कुठे यायचं? लिहायचे मी. ती दर पत्राला सांगायची, 'लिही, तुझी जागा तशीच ठेवलीय, कुणाला देणार नाही.'

थोरली : आणि तू?

धाकटी : मी लिहायचे, 'इकडे सर्व ठीक आहे.' तिला वाचून दाखवताना मात्र जागेचं वाक्य म्हणायचे. कागदावर ते नसायचं. तुझ्या दर पत्रात तोच प्रश्न, आणि उत्तर मी दाबलेलं, म्हणून देत नव्हते पत्रं. तो डबा तुझ्या मागेच आहे, कापडांच्या खाली. घे.

थोरली : सात वर्षं. सात वर्षं दर रविवारी मी तेच विचारत होते गं.

धाकटी : माहीत आहे. वाचून मीच दाखवायचे ना.