चार बॅटऱ्या आणि साडूची दोरी

...आणि ती पोरगी मलाच विचारते, “व्हेंडेल काका, बॅटरी गाडीला हवीय की नावेला?” मला! अहो, चाळीस वर्षं रेल्वेच्या सिग्नलखात्यात काढलीत मी. या अख्ख्या दक्षिण काठावर लाल दिवा कधी आणि हिरवा कधी, हे या दोन बोटांनी ठरायचं. आणि ही रेका, वय वर्षं सव्वीस, नखांना निळा रंग, काउंटरवर कोपर टेकून मला विजेचा पहिला धडा देणार... तुम्ही खा हो, मासा गार होईल, मी आपला बोलतो. सांगायचं काय, तर विजेतलं मला कुणी सांगू नये.

आता तुम्ही म्हणाल, एवढं होतं तर दुकानात गेलातच कशाला? गेलो, कारण जावं लागलं. या बालाटन तलावावर पेट्रोलच्या इंजिनाला बंदी, हे तुम्हालाही ठाऊक आहे. वल्ही मारा, शीड लावा, नाहीतर बॅटरी. वल्ह्यांना माझा खांदा नाही म्हणतो, शिडाला माझी बायको नाही म्हणते, उरली काय, बॅटरी. आणि नाव कुणाची? माझी. विकत घेतलेली नाही, बांधलेली. निवृत्त झालो तेव्हा पहिला महिनाभर मी पहाटे चारला उठून गणवेश घालून स्वयंपाकघरात बसायचो, कुठे जायचं तेच कळेना. मग ही नाव घेतली करायला. दोन हिवाळे लागले, एकेक फळी वाफवून वाकवली. हसू नका, खरं सांगतो, तिच्यामुळे माझं डोकं जागेवर राहिलं, नाहीतर कोर्नेलियानं मला कधीच कुठेतरी नेऊन सोडलं असतं.

कोर्नेलिया म्हणजे माझी बायको. तर गेल्या वर्षी काय झालं, तिच्या थोरल्या बहिणीचा, माग्दोल्नाचा नामदिवस, म्हणजे कॅलेंडरात तिच्या नावाचा दिवस, बावीस जुलै. ती राहते पलीकडे, बादाचोनला, डोंगरउतारावर द्राक्षमळा, खाली स्वतःचा धक्का. आणि तिचा नवरा देझो, म्हणजे माझा साडू. साडू म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको, ज्याला आहे त्याला आहे. गेल्या वर्षी जाताना व्यवस्थित गेलो, येताना मधोमध मोटर म्हणाली घुर्र... घुर्... आणि बसली. मग देझोनं आपल्या नावेतून आम्हाला दोरी बांधून घरी आणलं. आमच्या फोन्योद गावचा अख्खा काठ उभा राहून बघत होता, आणि हा मागे वळून हात हलवतोय, जसं काही म्हैस सोडवून आणलीय. त्या संध्याकाळी कोर्नेलिया म्हणाली, “व्हेंडेल, पुन्हा जर दुसऱ्याच्या दोरीनं घरी आलो, तर ही नाव मी विकणार.” नुसती म्हणाली नाही हो, जाहिरात लिहून फोनमध्ये तयार ठेवली. फोटोसकट. खाली काय लिहिलं होतं माहितेय? ‘नाव उत्तम. दोष मालकात.’

म्हणून गेलो रेकाकडे. ती म्हणते, “काका, गाडीची बॅटरी एकदम जोराचा धक्का देते आणि मोकळी होते. नावेला हळूहळू, तासन्‌तास देणारी लागते. आणि झेपत असेल तर लिथियम घ्या, हलकी असते.” लिथियम! देझोकडे लिथियम आहे. देझो ती एका हातानं उचलतो, दुसऱ्या हातात ग्लास धरून. मी म्हटलं, पोरी, शिसं घातलेली दे, वजन असलं म्हणजे आत काहीतरी आहे याची खात्री असते. बरं, म्हणाली, चार लागतील. मी म्हटलं दोनच दे, दोन माझ्याकडे आहेत, जुन्या आहेत पण अजून जीव आहे त्यांच्यात. तर चेहरा कसा केला तिनं! “काका, जुन्या आणि नव्या एकत्र जोडू नका. जुन्या आधी दम टाकतील आणि नव्यांनाही खाली ओढतील.” मी म्हटलं, मी आणि माझा सहायक, माझ्याहून बावीस वर्षांनी लहान, एकाच केबिनमध्ये अकरा वर्षं काढली, कुणी कुणाला ओढलं नाही. तिनं दोन काढून दिल्या. देणारच, विजेतलं मला कुणी सांगू नये.

मग चार्जिंग. रेका म्हणे या बॅटरीला हा चार्जर घ्या, आपोआप बंद होतो. आपोआप बंद होतो म्हणजे? कधी बंद व्हायचं ते यंत्र ठरवणार आणि मी काय बाहेर उभा राहणार? माझ्याकडे माझा चार्जर आहे, हिरवा, रेल्वेचा, निवृत्तीच्या वेळी... जाऊ दे, कसा आला ते महत्त्वाचं नाही, आला. दोन माणसांनी उचलावा लागतो आणि चालू केला की शेजारच्या घरातला रेडिओ खरखरतो. शेडमध्ये चारही बॅटऱ्या लावल्या आणि दोन दिवस ठेवल्या, कारण भरायचं तर पोटभर. दुसऱ्या दिवशी दुपारी शेडमधून असा वास, नासक्या अंड्यांचा. कोर्नेलिया आली, नाक वर करून म्हणते, “माझ्या काकड्या गेल्या वाटतं.” तिनं खिडकीत उन्हाला काकड्या आंबवायला ठेवल्या होत्या, पाच लिटरची बरणी. मी काय म्हणणार? मी म्हटलं, हो, यंदा ऊन फार आहे. तिनं अख्खी बरणी कंपोस्टात ओतली. आजतागायत मी तिला सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

बावीस जुलैला सकाळी चार्जर काढला, लगेच मीटर लावला. फुल्ल! काटा असा उजवीकडे जाऊन टेकलेला. रेका म्हणाली होती, काढल्या काढल्या बघू नका, तीन-चार तास बॅटरी निवांत ठेवा, मग दिसेल तो आकडा खरा. अहो, माझ्या डोळ्यांना दिसतोय तो आकडा खोटा आणि दुपारचा आकडा खरा? रेल्वेत असं चाललं असतं का, आत्ता हिरवा दिसतोय पण चार तासांनी बघू खरा हिरवा आहे का! बॅटऱ्या नावेत मागे ठेवल्या, एकशे आठ किलो, कोर्नेलियाला म्हटलं तू पुढे बस, समतोल राहील. ती म्हणाली, “मागे एकशे आठ किलो आहेत तर तूही मागे का बसतोस?” मी म्हटलं, मोटर मागे आहे. ती अक्रोडाचा केक मांडीवर घेऊन पुढे बसली आणि निघालो.

तुम्हाला सांगतो, काय गेलो! पाणी आरशासारखं, मोटरचा आवाज नुसता कुजबुजल्यासारखा, कोर्नेलियानं चप्पल काढून पाय मोकळे सोडले. तासाभरात बादाचोन. देझो धक्क्यावर उभा, दोन्ही हात कमरेवर. मीटर पाहतो तर निम्म्याच्या किंचित खाली. किंचित! देझो म्हणतो, “तार लावू का व्हेंडेल? जेवणं होईपर्यंत भरून निघतील तुझ्या म्हाताऱ्या.” म्हाताऱ्या! आता सांगा, त्याच्या घरची वीज घेतली असती तर काय झालं असतं? काहीच झालं नसतं, भरल्या असत्या, हे मलाही कळतं. पण पुढचा नामदिवस येईपर्यंत प्रत्येक फोनवर ऐकावं लागलं असतं, ‘आमच्या विजेवर गेले हं परत.’ मी म्हटलं, राहू दे, निम्म्याहून जास्त आहे अजून. कोर्नेलियानं माझ्याकडे पाहिलं. मी धक्क्याजवळच्या चुलीवर उकळणाऱ्या फिशसूपकडे पाहिलं. सूप उत्तम होतं, कबूल करतो, आणि वाईनही त्याचीच होती, तीन ग्लास.

चार वाजता निघालो. वारा उत्तरेचा, पाठीमागून, म्हणजे उलट सोयीचाच. काठ किलोमीटरभर राहिला आणि तिथले वादळाचा इशारा देणारे पिवळे दिवे लुकलुकायला लागले. माझं अख्खं आयुष्य दिव्यांचा मान ठेवण्यात गेलं, म्हटलं जरा वेग वाढवू. वाढवला, आणि मोटर म्हणाली घुर्र... हो, तोच आवाज. गेल्या वर्षीचाच. दोन जुन्यांनी दम टाकला होता, आणि रेका म्हणाली तसंच, अगदी शब्दन्‌शब्द, नव्याही त्यांच्यामागून गेल्या. कोर्नेलिया मागे वळली नाही. तिनं नुसता पर्समधून फोन काढला आणि मांडीवर, केकच्या रिकाम्या डब्यावर ठेवला.

वाऱ्यानं आम्ही सरकत होतो काठाकडेच, पण तिरके, शेजारच्या फेन्यवेश गावाच्या बाजूला. काठ पाचसहाशे मीटर. मी म्हणत होतो, बघ, वारा नेतोय आपल्याला, हे मी धरूनच निघालो होतो. तेवढ्यात मागून नुसती पाण्याची सळसळ, आवाज नाही, काही नाही, वळून बघतो तर देझो. लिथियमवर. दिवे लुकलुकले म्हणून माग्दोल्नानं पिटाळला होता म्हणे त्याला, आमची काळजी! एका हातानं सुकाणू, दुसऱ्या हातात दोरी, आधीच फास करून ठेवलेला. “टाकू का, व्हेंडेल?”

खरं सांगू? त्या क्षणी मी घाबरलो. वादळाची भीती नव्हती हो. डोळ्यांपुढे आलं, पहाटेचे चार वाजलेत, मी गणवेश घालून स्वयंपाकघरात बसलोय आणि बाहेर शेड रिकामी आहे. कोर्नेलिया माझ्याकडे बघत होती, आणि तिचाही चेहरा काही खूश नव्हता, हे मला दिसलं. पण ती एकदा बोलली की बोलली. दोरी हवेत होती. मी काय केलं असेल? मी उडी मारली.

शर्टपँटसकट, बुटांसकट. खोली किती ते ठाऊक होतं का? पस्तीस वर्षं राहतोय इथे, ठाऊक होतंच... नव्हतं. देवाशप्पथ नव्हतं. पण पाय टेकले! पाणी बेंबीपर्यंत, या काठाला तलाव दूरवर उथळच. मी उभा, नाव माझ्या शेजारी, देझोची दोरी पाण्यात पडलेली. मी माझी दोरी घेतली, माझ्या नावेची, माझ्या हातानं वळलेली, खांद्यावर टाकली आणि चालायला लागलो. देझो बाजूबाजूनं येत म्हणतो, “अरे वेड्या, आजारी पडशील.” मी म्हटलं, साडूभाऊ, बाजूला व्हा, माझ्या लाटा लागतील तुमच्या नावेला. पाचसहाशे मीटर! काठावर माणसं उभी राहिली, कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि मी नाव वाळूला टेकवून कोर्नेलियाला म्हटलं, बोल, दुसऱ्याच्या दोरीनं आलो का?

तिनं डब्यावरचा फोन उचलला. मग तिनं माझ्यासमोर ती जाहिरात पुसली. फोटोसकट. मी ओल्या बाहीनं डोळे पुसले, पाणी होतं तलावाचं.

तर नाव राहिली. दुसऱ्या दिवशी रेकाकडे गेलो, म्हटलं चारही नव्या दे, आणि तो आपोआप बंद होणारा चार्जरही दे. तिनं एक शब्दही ऐकवला नाही, गुणी पोरगी आहे. ती सांगते तशा भरल्या, चार तास निवांत ठेवल्या, मग मीटर लावला. काठोकाठ! आज या तलावावर माझ्यासारख्या भरलेल्या बॅटऱ्या कुणाकडे नाहीत, देझोकडेही नाहीत, विजेतलं मला कुणी सांगू नये.

कुठे आहेत? शेडमध्ये आहेत. कोर्नेलिया नावेत ठेवू देत नाही. त्या दिवशी तिला फार आवडलं म्हणे. मीटरकडे बघायला नको, मोटरकडे कान लावायला नको, आणि नवरा पुढे चालत असला म्हणजे त्याचं विजेवरचं बोलणंही ऐकू येत नाही. दर रविवारी जायचं ठरलंय, काठाकाठानं, आणि बॅटऱ्या घेतल्या तर म्हणते मला ओढायला जड जाईल. तिचं प्रेम आहे माझ्यावर, नाही असं नाही.

ती बघा, तिथे उथळात, पिवळी छत्री... हलवतेय ना? म्हणजे माझी विश्रांतीची पंधरा मिनिटं संपली. माझा मासा तेवढा झाकून ठेवायला सांगा. आज फेन्यवेशपर्यंत जायचंय आणि वारा समोरून आहे, मला वेळ लागेल.