नळाचं वाक्य

नारीनहून बिश्केकला निघालेल्या मिनीबसमध्ये पुढच्या बाकावर सासू-सून बसल्या होत्या. सुनेला तिथल्या परीक्षेत सकाळी उठल्यापासूनचं सगळं इंग्रजीत सांगायचं होतं. पास झाली तरच तिला नवऱ्याकडे परदेशी जाता येणार होतं. सून एकेक वाक्य इंग्रजीत म्हणे नि सासूला, तिच्या ‘एने’ला म्हणजे आईला, अर्थ सांगे. मागे बसलेल्या साल्किनबाई नावाच्या प्रवासी बाईंनी विणकाम मांडीवर ठेवलं आणि कान टवकारले.

“मी सहाला उठते. न्हाणीघरात जाते. नळ सोडते. हात धुते, तोंड धुते.”

“थांब गं. हातावर पाणी कोण घालतं?”

“कोणी नाही, एने. नळ असतो ना.”

“सून नाही का त्या घरात?”

“पुस्तकात नाही.”

“अगंबाई. बरं, पुढे?”

“टॉवेलने पुसते.”

“टॉवेल कोण धरतं?”

“एने, टॉवेल खुंटीला असतो!”

“खेकसू नकोस. अडखळतेस अजून. पहिल्यापासून म्हण.”

“मी सहाला उठते. चुलीवर पाणी ठेवते. झारी भरते. सासूच्या हातावर पाणी घालते. टॉवेल धरून उभी राहते.”

“हे पुस्तकात आहे?”

“नाही.”

“मग नापास करतील तुला.”

“करू देत.”

“करू देत म्हणे! दोन वर्षं झाली, माझा पोरगा एकटा शिजवून खातोय तिकडे. नळ म्हण.”

“एने...”

“माझे हात मी घेईन धुऊन. तू नळ म्हण.”