शकुला गवत कळेना

(मुलुंड. डोंगराच्या पायथ्याची एक सोसायटी, मागचा मोकळा प्लॉट, कंबरेइतकं पिवळं गवत. सकाळ.)

अण्णा : गार्गी, मी या सोसायटीचा चेअरमन. देवापुढे बसलोय आणि मोबाइलवर गेटवरून विचारणा येतेय, 'म्हैस आली आहे. गेस्ट की डिलिव्हरी?'

गार्गी : मग काय दाबलंत?

अण्णा : गेस्ट. डिलिव्हरी दाबलं असतं तर लिफ्टनं वर पाठवली असती.

गार्गी : बरोबर केलंत. तिचं नाव शकु. जोगेश्वरीच्या तबेल्यातून आलीय, टेम्पोनं.

अण्णा : पण कशाला?

गार्गी : मीटिंगमध्ये तुम्हीच म्हणालात ना, गवत वाढलं, साप येतील, म्हणून उद्या पाहुण्यांच्या हस्ते चाळीस झाडं लावायची? आता शकु गवत खाईल. गवत खाली बसलं की झाडं लावायला कारणच उरत नाही.

अण्णा : झाडं लावायला कारण कशाला लागतं? पाहुण्यांचा वाढदिवस आहे. बॅनर छापून झालाय.

गार्गी : अण्णा, हा माळ आहे. जंगल व्हायचं राहून गेलेली जागा नाही. चार महिने पाऊस, मग नुसतं ऊन. गवत वरून सुकतं आणि जीव खाली मुळांत सांभाळून ठेवतं. जनावरानं वरचं खाल्लं की खालून नवं फुटतं. झाडं असतात माळावर, पण एक इथे, एक पार तिथे. तुम्ही दाटीनं चाळीस लावलीत की सावली झाली. सावलीत गवत मेलं. गवत मेलं की बी टिपणाऱ्या मुनिया गेल्या, गवतातले लावे गेले, आणि माझी पीएचडी गेली.

अण्णा : हां, आता बोललीस खरं.

गार्गी : तीन वर्षं या गवतात घातलीत मी. आई म्हणते, तेवढ्यात लोकांची दोन मुलं होतात.

अण्णा : बरं बाई, खाऊ दे तुझ्या म्हशीला. पण ती नुसती उभी का?

गार्गी : तेच बघतेय.

अण्णा : लग्नाच्या बुफेत प्लेटा कुठे ठेवल्यात ते शोधावं, तशी बघतेय.

गार्गी : तबेल्यात जन्मली ना. उभं गवत बहुतेक पहिल्यांदाच बघतेय. कापून समोर टाकलं तरच खाते ती. माझ्या लक्षातच आलं नाही, यार. मी वाचलेल्या सगळ्या म्हशी आपापल्या चरतात.

अण्णा : म्हणजे तुझ्या निसर्गात म्हशीला वाढायला माणूस लागतो.

गार्गी : माळात माणूस असतोच, अण्णा. कोणी चारणारा, कोणी कापणारा.

अण्णा : धोंडू! ए धोंडू! तो विळा दे इकडे. गेट सोड, चोर काय आता म्हैस ओलांडून येतोय?

गार्गी : अण्णा, तुम्ही कापणार? पाठीचं काय?

अण्णा : गावाला दिवाळी झाली की हेच काम होतं. बघ, मुठीत असं धरायचं, विळा जमिनीला लावायचा. तू नुसती मोजत बसलीस. हं, खा गो बाये, खा... खाता गो, खाता! बघितलंस?

सुनंदाकाकू : अहो! बाल्कनीतून सगळं दिसतंय हं. सोवळं नेसून म्हशीला काय भरवताय? आणि तो माळी खड्डे मारायला येऊन उभा आहे वर.

गार्गी : काकू, झाडं आली की तुमचे पापड कुठे वाळणार?

सुनंदाकाकू : कुठे म्हणजे? तिथेच, खाटेवर. दर मार्चला वाळतात तसे.

गार्गी : सावलीत?

सुनंदाकाकू : सावलीत कसे वाळतील?

गार्गी : शिवाय फांदीवर कावळे. आत्ता त्यांना बसायला जागा नाही, लांबून येताना तुम्हाला दिसतात. उद्या डोक्यावरच बसून वाट बघतील.

सुनंदाकाकू : अहो, मीटिंगमध्ये हे कोणी काढलं नाही?

अण्णा : मीटिंगमध्ये पापड हा विषय नव्हता.

सुनंदाकाकू : मग यापुढे ताटातही नसेल.

गार्गी : आमच्यात याला शिकाऱ्याचा दबाव म्हणतात, अण्णा. हरणं याच भीतीनं जागा बदलतात.

अण्णा : गप गो तू. पाहुण्यांना काय सांगू मी? बॅनरवर माझ्या आणि त्यांच्या मधे झाड छापलंय.

गार्गी : किती?

अण्णा : एक.

गार्गी : मग एकच लावू ना.

अण्णा : वाढदिवसाला एक? कंजूस दिसतं ते. दोन लावू. एक त्या भिंतीकडे, एक पार या टोकाला. बाकीची नर्सरीला परत.

गार्गी : आणि मधे?

अण्णा : मधे ऊन राहू दे.